रस्ता रुंद, थांबा लांब

तुझं पत्र दोनदा वाचलं. नगररचनेच्या शेवटच्या वर्षाला असताना दोन महिने प्रशिक्षणासाठी बडोद्याहून गांधीनगरला रोज अपडाऊन केलंस आणि आता विचारतेस: "काका, जे शहर राजधानी म्हणून कोऱ्या कागदावर आखलं, जिथे रस्त्याला जागा कमी नाही, तिथे मला बससाठी एवढं तिष्ठत का राहावं लागतं? आपल्याकडे न्यायमंदिर-मांडवीच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते, तरी बस भरून जाते. आणि आता मेट्रो आली, म्हणजे हा प्रश्न सुटला असं समजायचं का?"

बसच्या फेऱ्या आखण्यात आणि वेळापत्रकं बसवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. प्रश्न आवडीचा आहे, म्हणून पाल्हाळ झालं तरी सविस्तरच लिहितो. आधी उत्तर. बसला रुंद रस्त्याची फारशी गरज नसते. तिला तीन गोष्टी लागतात: थांब्यापर्यंत पायी येता येईल इतक्या जवळ पुरेशी वस्ती, दिवसभर थोडी थोडी येत राहणारी माणसं आणि दोन्ही दिशांना जाणारी माणसं. आखीव राजधानीत या तिन्ही गोष्टी आखणीच्या टेबलावरच हातातून सुटतात. मेट्रोमुळे पहिली गोष्ट बदलत नाही. उरलेल्या दोन बदलू शकतात, पण त्याला एक अट आहे. तिच्याकडे पुढे येतो.

१ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा गुजरातचा कारभार अमदावादेतून सुरू झाला. नव्या राजधानीची उभारणी १९६५ मध्ये सुरू झाली आणि १९७० मध्ये राजधानी गांधीनगरला हलली. आराखडा एच. के. मेवाडा आणि प्रकाश आपटे यांचा. मेवाडांनी चंदिगडच्या कामात उमेदवारी केलेली होती, त्यामुळे सेक्टरची, म्हणजे शहर आखीव चौकोनी भागांत वाटण्याची, कल्पना तिथूनच आली. तीस सेक्टर, प्रत्येक साधारण एक किलोमीटर लांब आणि पाऊण किलोमीटर रुंद. एका दिशेच्या रस्त्यांना क, ख, ग, घ, च, छ, ज अशी अक्षरं, आडव्या रस्त्यांना आकडे. 'घ-चार' म्हटलं की चौक कळतो. पत्ता सांगायला इतकी सोपी व्यवस्था मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिलेली नाही. लोकसंख्या धरली होती दीड लाख.

सगळी आखणी एका गृहीतावर उभी होती. सरकारी कर्मचारी क्वार्टरमध्ये राहील, मुलं सेक्टरातल्याच शाळेत जातील, भाजी सेक्टरातल्याच दुकानात मिळेल आणि साहेब असो की शिपाई, कचेरीला सायकलने किंवा पायी पोचेल. म्हणून सेक्टरच्या आत पायवाटा, सायकलच्या वाटा, मध्यावर शाळा. १९६५ च्या मानाने हे गृहीत वेडगळ नव्हतं, त्या वेळी गाडी कोणाकडे होती? पण पंचवीस-तीस किलोमीटरवर एक नांदतं अमदावाद उभं होतं. तिथे आईवडील, मुलांची जुनी शाळा, बायकोची नोकरी, दवाखाना, बाजार. बदलीच्या नोकरीत माणूस घर हलवण्याआधी चारदा विचार करतो. हजारो कुटुंबं तिथेच राहिली आणि कर्ता माणूस रोज जाऊ-येऊ लागला. बसच्या आखणीत नसलेला मोठा प्रवास असा पहिल्या दिवसापासून सुरू झाला, आणि आखणीत होता तो सेक्टर ते कचेरी हा छोटा प्रवास स्कूटरने गिळला.

आता ती पायी चालण्याची गोष्ट. पाच मिनिटांची चाल, म्हणजे चारशे मीटर, हे आमच्या कामातलं जुनं माप. त्याहून लांबचा थांबा माणूस आपला मानत नाही. थांब्याभोवती चारशे मीटरचं वर्तुळ काढ, पन्नास हेक्टर भरतं. सेक्टर पंचाहत्तर हेक्टरचा. दीड लाख माणसं तीस सेक्टरांत सारखी वाटली तर एकात पाच हजार, म्हणजे हेक्टरी पासष्टच्या आसपास. काही सेक्टर कचेऱ्यांचे आहेत, तेव्हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून मुद्दा कळतो: एका थांब्याच्या वर्तुळात तीन-सव्वातीन हजार माणसं. त्यातून मुलं, म्हातारे आणि घरातली माणसं वजा कर. उरलेल्यांतले बरेच स्कूटर काढणार. बससाठी दिवसाला दीड-दोनशे माणसं उरली तरी डोक्यावरून पाणी. आपल्या बडोद्यात चार दरवाजांच्या आतल्या जुन्या गावात, लहेरीपुरा ते पाणीगेट आणि चांपानेर ते गेंडीगेट, याच वर्तुळात कितीतरी पट वस्ती आहे. शिवाय तळमजल्यावर दुकान आणि वर घर, म्हणजे तीच जागा दिवसा एक माणूस बोलावते आणि रात्री दुसरा.

वर्तुळही फसवं असतं. कागदावर ते कंपासने काढतात, पाय मात्र वाटेने जातात. सेक्टर आतल्या बाजूला तोंड करून बसलेला आहे. घरांची दारं आतल्या रस्त्यांवर उघडतात आणि मोठ्या रस्त्याकडे असते पाठ: कुंपण, झाडं, मोकळी पट्टी. सेक्टरच्या पोटातलं घर सरळ रेषेत चारशे मीटरवर असलं तरी चालताना सहाशे होतात. मग आडवा येतो तो मोठा रस्ता. जाताना थांबा या बाजूला, म्हणजे परतताना त्या बाजूला. दिवसातून एकदा तरी तो रुंद पट्टा ओलांडावाच लागतो. मे महिन्यात दुपारी दोनला तिथे उभी राहिली आहेस तू, त्यामुळे उन्हाचं वर्णन तुला नको. संध्याकाळचं मात्र सांगतो, कारण ते नकाशात कधीच दिसत नाही. मोठ्या रस्त्यावर दुकान नाही, पानाचा गल्ला नाही, खिडकी नाही. साडेसात वाजता थांब्यावर एकटी बाई उभी असेल तर तिला पाहणारं कोणी नाही. हिरवागार रस्ता आहे, मला तो फार आवडतो, पण त्या थांब्यावर माझ्या बहिणीला अर्धा तास उभं राहा असं मी सांगणार नाही. आपल्या रावपुऱ्यात धूर असेल, कलकलाट असेल, पण रात्री नऊला बाई बिनघोर उभी असते, कारण समोरचा दुकानदार अजून शटर ओढायचा असतो. दुकानाचा दिवा ही बसची सर्वांत स्वस्त सोय आहे, आणि सेक्टरच्या आखणीने ती सोय रस्त्यावरून उचलून आत नेली.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि आराखडे काढणाऱ्यांना ती नेहमी उशिरा कळते. बडोद्यात स्टेशनवरून मांडवीमार्गे पाणीगेटकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीजवळच्या एका सीटवर लक्ष ठेव. स्टेशनवर एक बसला, रावपुऱ्याला उतरला. तिथे दुसरी बसली, न्यायमंदिराला उतरली. तिसरा पाणीगेटपर्यंत. एका फेरीत एक सीट तीनदा विकली गेली. परतताना पुन्हा तीनदा, कारण बाजाराला जाणारा आणि बाजारातून येणारा दोघेही एकाच वेळी रस्त्यावर असतात. अमदावादहून सचिवालयाला जाणाऱ्या बसमध्ये तीच सीट सकाळी एकदा विकली जाते, शेवटपर्यंत एकच माणूस, आणि ती बस परत जाते तेव्हा सगळ्या सीट मोकळ्या. डिझेल दोन्ही वेळा तेवढंच, कंडक्टरचा पगार तेवढाच. सकाळी बस तितकीच भरलेली असली तरी किलोमीटरमागचं उत्पन्न निम्म्याहून खाली येतं. सकाळी दाराला लटकणारी माणसं बघून लोक म्हणतात, बस एवढी भरलेली आहे, मग वाढवत का नाहीत? भरलेली आहे ती एका बाजूने, तासभर.

हा तासभराचा लोंढा हीच राजधानीची खूण. सचिवालयाची वेळ साडेदहा ते सहा वाजून दहा मिनिटं. समज, अमदावादहून तीन हजार माणसं साडेनऊ ते साडेदहा या तासात पोचवायची आहेत. एका बसमध्ये पन्नास धर. साठ फेऱ्या झाल्या. जायला एक तास, परत यायला एक तास, म्हणजे कोणतीही बस त्या तासात दुसरी फेरी करू शकत नाही. साठ फेऱ्यांना साठ बस आणि साठ ड्रायव्हर-कंडक्टर जोड्या. साडेदहानंतर त्या उभ्या. संध्याकाळी सहाला पुन्हा साठ. मधले साडेसात तास चालकाला काय द्यायचं? त्याला घरी पाठवलं तर तोडीची, म्हणजे दोन तुकड्यांतली, ड्यूटी, पहाटे घरातून निघालेला माणूस रात्री घरी, आणि पगार आठ तासांचा. मी अशा ड्यूट्या लिहिल्या आहेत आणि त्या चालवणाऱ्यांचे चेहरे पाहिले आहेत. वर्षभरात माणूस बदली मागतो.

यावर उपाय म्हणून सभेत कोणीतरी हमखास सुचवतं की कचेऱ्यांच्या वेळा अर्ध्या तासाने मागेपुढे करा. ऐकायला बरं वाटतं. पण हिशेब कर. बसला जाऊन येऊन दोन तास लागतात, तेव्हा अर्ध्या तासाच्या फरकाने एकही बस वाचत नाही. तीच बस पुन्हा वापरायची तर एका कचेरीची वेळ साडेआठ आणि दुसरीची साडेदहा ठेवावी लागेल. हेच गांधीनगरच्या आतल्या पाच किलोमीटरच्या फेरीला लाव. जायला वीस मिनिटं, यायला वीस. इथे पाऊण तासाचा फरक ठेवला की पहिल्या कचेरीची माणसं सोडून तीच बस दुसऱ्या कचेरीसाठी हजर. छोट्या फेरीला वेळेचा फरक उपयोगी पडतो, लांब फेरीला पडत नाही. वाहतुकीच्या निम्म्या अहवालांत हे दोन प्रवास एकाच आकड्यात घालून सरासरी काढलेली असते. तुझ्या प्रबंधात तेवढं करू नकोस.

तू परदेशातल्या राजधान्यांबद्दलही विचारलं आहेस. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीची, कॅनबेराची, गोष्ट मला सगळ्यांत शिकवणारी वाटते. १९१२ मध्ये स्पर्धा जिंकलेल्या वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांच्या आराखड्यात, ज्याची सुंदर चित्रं त्यांच्या पत्नी मॅरियन महोनी यांनी काढली होती, मुख्य हमरस्त्यांवर ट्राम दाखवलेली होती. ट्राम आली नाही. १९२६ मध्ये साधी बस सुरू झाली. १९६० च्या दशकात शहर एकदम वाढायला लागलं तेव्हा वाहतुकीचा मोठा अभ्यास झाला आणि त्यातून इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचा आराखडा निघाला: वोडेन, बेलकॉनेन, टगरनाँग अशी वेगवेगळी उपनगरं, प्रत्येकाला आपलं बाजारकेंद्र, आणि ती सगळी केंद्रं जोडणारा सार्वजनिक वाहतुकीचा एक कणा. उपनगरं झाली, मोटारींचे रुंद जलद रस्ते झाले, कणा मात्र मागे राहिला. प्रत्येक टप्प्यावर रस्ता आधी आणि बस नंतर. नव्या उपनगरात राहायला आलेल्या कुटुंबाने पहिल्याच वर्षी गाडी घेतली, मग पाच वर्षांनी बस वाढवून काय होणार? एकदा घेतलेली गाडी माणूस बससाठी विकत नाही.

तरी ग्रिफिनच्या आराखड्यातली एक गोष्ट टिकली. उत्तरेकडून शहरात येणाऱ्या नॉर्थबोर्न अ‍ॅव्हेन्यूच्या मधोमध रुंद हिरवा पट्टा राहिला. त्यावर इमारत झाली नाही, तो मोटारींच्या लेनमध्येही गेला नाही. २०१६ ची तिथली निवडणूक जवळजवळ ट्रामच्याच प्रश्नावर लढली गेली, आणि २० एप्रिल २०१९ ला गंगालिन ते शहर अशी बारा किलोमीटरची ट्राम त्याच पट्ट्यातून धावली. एकशे सात वर्षं. आज ते अंतर सुमारे पंचवीस मिनिटांत कापता येतं. जमीन संपादन, पाडापाडी, पुलाचे खांब, यातलं बरंच टळलं, कारण कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी जागा मोकळी सोडली होती आणि नंतरच्यांनी ती राखली. आपल्याकडे रुंद दुभाजक दिसला की त्यात दुचाकींची पार्किंग, कारंजं किंवा आणखी एक लेन घालण्याची घाई होते, तेव्हा मला नॉर्थबोर्न आठवतो.

ट्रामबरोबर त्याच महिन्यात कॅनबेराने बसचं सगळं जाळंही नव्याने मांडलं: गल्लीबोळांतून वळणं घेणाऱ्या फेऱ्या कमी, सरळ आणि वरचेवर धावणाऱ्या जलद फेऱ्या जास्त, मध्ये एकदा गाडी बदलायची. तत्त्व बरोबर होतं. पण शाळांसाठी वेगळ्या धावणाऱ्या बस कमी झाल्या आणि पालक खवळले. सरळ फेरी योग्य असते हे मी छातीठोक सांगेन, पण ज्याची दारातली बस तू काढून घेणार आहेस त्याच्या दारात आधी जाऊन बसायला हवं, नकाशा घेऊन, सहा महिने आधी.

ब्राझीलच्या नव्या राजधानीचं, ब्राझिलियाचं, उद्‌घाटन २१ एप्रिल १९६० ला झालं, गुजरात राज्याच्या जन्माआधी दहा दिवस. तिचे आराखडाकार लुसियो कोस्टा यांनी दोन मुख्य अक्ष जिथे एकमेकांना छेदतात, अगदी त्या बिंदूवर बसस्थानक ठेवलं. राजधानीच्या मध्यबिंदूवर पुतळा नाही, राजवाडा नाही, बसस्थानक. हे धाडस मला फार भावतं. आणि तरीही तिथल्या बसचं दुखणं आपल्यासारखंच आहे. मूळ शहर पाच लाखांसाठी आखलं, बांधकामावरचे मजूर आणि पुढे आलेले नोकरदार यांना त्यात परवडणारी जागाच नव्हती, ते तागुआतिंगा, सेलांदिया अशा उपग्रह गावांत गेले. आज त्या सगळ्या जिल्ह्याची वस्ती अठ्ठावीस लाखांवर आहे. सकाळी सगळ्या बस भरून आत, रिकाम्या बाहेर. २००१ मध्ये मेट्रो आली तीही त्याच दिशेने भरते. तेव्हा बसस्थानक मधोमध ठेवलं म्हणजे काम झालं, असंही नाही. माणूस कुठे राहू शकतो हे घराच्या भाड्याने ठरतं, आणि बस त्या भाड्याच्या मागे मागे फिरते.

चंदिगडबद्दल थोडंच. ते शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएने रस्त्यांना व्ही-१ ते व्ही-७ अशा सात पायऱ्या दिल्या, पायवाटेला स्वतंत्र पायरी दिली, सायकलची पायरी पुढे जोडली. बसला स्वतःची पायरी मिळाली नाही. ती मोटारींच्या रस्त्यावर पाहुणी म्हणून राहिली. गांधीनगरला वारसा मिळाला तो हाच.

आता मेट्रो. अमदावादच्या मेट्रोचा मोटेरापासून गांधीनगर सेक्टर-१ पर्यंतचा मार्ग १६ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये तो सचिवालयापर्यंत पोचला. मधून एक फाटा गिफ्ट सिटीकडे जातो. आपल्या बडोद्याच्या अपडाऊनवाल्यांना यामुळे एक सलग वाट मिळाली: सकाळच्या गाडीने कालुपूर, म्हणजे अमदावादचं मुख्य स्टेशन, तिथून मेट्रोने जुनं हायकोर्ट, तिथे गाडी बदलून मोटेरामार्गे गांधीनगर. वंदे भारत २०२२ पासून बडोद्यावरून गांधीनगर कॅपिटल स्टेशनला जाते खरी, पण ती मुंबईहून निघून दुपारी पोचते, साडेदहाच्या कचेरीला तिचा उपयोग नाही. त्यामुळे मेट्रोचं मला मनापासून समाधान आहे. माझ्या उदाहरणातल्या त्या साठ बसचं ओझं उचलायला हेच वाहन योग्य. लोंढा वाहून नेणं हा तिचा धर्मच आहे.

पण मेट्रो तुला सचिवालयाच्या स्टेशनवर सोडते. तुझं प्रशिक्षण होतं तिथून दोन सेक्टर पलीकडे, आणि तू लिहिलं आहेस की रोज शटल रिक्षाची वाट पाहायचीस, चार माणसं जमेपर्यंत ती हलायची नाही. पंचवीस किलोमीटर सुखाने आणि शेवटचे दोन किलोमीटर घामाने. अट म्हणालो होतो ती इथे आहे. मेट्रोने लांबचा प्रवास अंगावर घेतला की बसला पहिल्यांदाच फक्त छोटा प्रवास उरतो, आणि छोट्या प्रवासाचं गणित किती वेगळं आहे ते वर पाहिलंस. एका फेरीला जाऊन येऊन चाळीस मिनिटं. दर दहा मिनिटांनी बस हवी तर एका मार्गाला चार बस पुरतात. लोंढ्यासाठी लागणाऱ्या साठ बसमध्ये असे पंधरा मार्ग दिवसभर चालतात. पण ही बसच जर 'मेट्रो आली, आता बस कशाला' म्हणून काढून घेतली गेली, तर मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनाबाहेर पार्किंगचा प्रश्न उभा राहील आणि राजधानीतली दुचाकी एकही कमी होणार नाही.

आणि इथे मला त्या जुन्या आराखड्याचे आभार मानावेसे वाटतात. अक्षरांचे रस्ते उभे, आकड्यांचे आडवे, सगळे सरळ. बससाठी याहून चांगली चौकट मिळणं कठीण. एक बस पूर्ण 'ग' रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक 'च' वर, एक 'पाच' वर, एक 'तीन' वर. कुठेही वळण नाही. कोणत्याही चौकातून कोणत्याही चौकात जायचं तर जास्तीत जास्त एकदा बस बदलायची, आणि कोणती बदलायची ते चौकाच्या नावातच लिहिलेलं. घ-चारला उभी असशील तर एक बस 'घ'ची, दुसरी 'चार'ची. नवख्या माणसाला नकाशाही लागू नये. फक्त दहा मिनिटांचं अंतर पाळायला हवं. अर्ध्या तासाने येणाऱ्या दोन बस जोडून कोणी प्रवास करत नाही, कारण बदलताना सरासरी पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं आणि वाटेतली पंधरा मिनिटं घरातल्या अर्ध्या तासासारखी वाटतात. मेट्रोची शेवटची गाडी येईपर्यंत बस चालू हवी, तिकीट एकच हवं, आणि चौकातला थांबा चौकापासून दीडशे मीटर लांब न ढकलता कोपऱ्याला हवा. वाहतूक खात्याचे लोक चौक मोकळा राहावा म्हणून थांबा पुढे ढकलायला सांगतात, मग बस बदलणाऱ्याला तीनशे मीटर चालावं लागतं. या एका गोष्टीसाठी भांडायची तयारी ठेव.

सरळ फेरीचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात बडोद्याबाहेरच्या एका आखीव वसाहतीसाठी मी फेरी आखली. मूळ मार्ग सरळ, अठरा मिनिटांचा. मग एका गल्लीतल्या लोकांचा अर्ज आला, त्यांच्याकडे वळवली. दुसरीकडून शिष्टमंडळ आलं, तिकडे वळवली. शाळा म्हणाली गेटपर्यंत द्या, दिली. कोणालाही नाही म्हणायला माझा जीव झाला नाही. वर्षभरात अठराची फेरी एकतीस मिनिटांची झाली. बस तेवढ्याच, म्हणून दोन बसमधलं अंतर वीसवरून पस्तीसवर गेलं. सगळ्यांच्या दारात बस होती आणि आत माणसं नव्हती. ती मुख्य रस्त्यावर जाऊन शटल पकडत होती. शेवटी एका म्हाताऱ्या कंडक्टरने मला सांगितलं, "साहेब, ज्यांच्यासाठी वळवली ते चढत नाहीत आणि जे चढायचे ते वळणांना कंटाळले." मी फेरी पुन्हा सरळ केली, पण गेलेले प्रवासी सगळे परत आले नाहीत. ती चूक पूर्णपणे माझी होती. अजून रस्ता तिकडून गेला की मी त्या वळणांकडे बघतो.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १८६२ मध्ये, बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, डभोई ते मियागाम अरुंद रूळ टाकले तेव्हा त्यावर सुरुवातीला बैल जुंपत असत. भारतातली ती पहिली नॅरोगेज. इंजिन नंतर आलं. पण रूळ पडले ते माल आधीच जात-येत होता त्याच वाटेवर, म्हणून बैलांनी ओढली तरी गाडी चालली. तुझ्या वर्गात वाहन कोणतं यावर वाद होतात असं तू लिहिलं आहेस, ट्राम की मेट्रो की विजेवरची बस. मी असतो तर त्या वादात दहा मिनिटं घालवली असती आणि उरलेला तास दोन वाहनांमधलं अंतर, थांब्याची जागा आणि रात्रीची शेवटची फेरी यांना दिला असता.

कामाला सुरुवात कुठून करू, हा तुझा शेवटचा प्रश्न. गांधीनगरचा एकच रस्ता घे, 'घ' घे. मंगळवार किंवा बुधवार निवड, सोमवार आणि दुसरा-चौथा शनिवार टाळ, त्या दिवशींचे आकडे खोटं बोलतात. सकाळी नऊ ते अकरा, दुपारी एक ते तीन आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ एकाच थांब्यावर उभी राहा. संध्याकाळी मैत्रिणीला बरोबर ने. चार रकाने कर: किती चढले, किती उतरले, किती वाट पाहून शटलमध्ये गेले, किती काहीच न मिळता चालू लागले. शेवटचे दोन रकाने कोणत्याही अहवालात सापडायचे नाहीत, कारण मोजणी बसच्या आतून होते, बाहेर राहिलेला माणूस मोजला जात नाही. मग सेक्टरातलं सगळ्यांत आतलं घर शोध आणि तिथून थांब्यापर्यंत घड्याळ लावून चाल, एकदा एकटी आणि एकदा कोणा साठीच्या बाईंबरोबर त्यांच्या चालीने. दोन वेळांतला फरक लिहून ठेव. बायकांशी बोलताना 'बस सुरक्षित आहे का' असं विचारू नकोस, 'शेवटची बस किती वाजता पकडता आणि त्यानंतर काय करता' असं विचार.

दोन आठवडे हे केलंस की वही घेऊन घरी ये. दांडिया बाजारात माझं घर तुला माहीत आहेच. त्या रस्त्याचं दहा मिनिटांचं वेळापत्रक आपण दोघं बसून बसवू, चार बस आणि एक राखीव धरून. चालकांच्या जेवणाची सुट्टी कुठे घालायची ते मात्र तुलाच सोडवायला देईन.